ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ : इंग्रजी क्रियापदांच्या जोड्या आणि वाक्प्रचार

चेन्नईच्या भोवती अंबत्तूर, श्रीपेरुंबुदूर, ओरगडम या परिसरांत कारखान्यांची मोठी वस्ती आहे. अशा एखाद्या कारखान्यात ‘इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग’ असा फलक लावलेला आहे, असे समजू. तमिळ माध्यमातून शिकलेला एक तरुण कामगार तो वाचतो. ‘गो’ म्हणजे जाणे, हे त्याला ठाऊक आहे. ‘ऑफ’ म्हणजे बंद, हेही घरातल्या दिव्याच्या बटणावरून त्याला ठाऊक आहे. तेव्हा भोंगा बंद झाल्यावर इमारत सोडावयाची, असा अर्थ तो लावील. प्रत्यक्षात फलकाचे सांगणे याच्या नेमके उलट आहे. भोंगा वाजू लागला की बाहेर पडा, असे तो सांगतो.

या वाक्यात अवघड शब्द एकही नाही. शब्दकोश उघडावा असे वाचकाला वाटणार नाही, आणि धोका आहे तो येथेच. अनोळखी शब्द आपण अनोळखी आहोत हे स्वतःच सांगतो; ओळखीच्या शब्दांची जोडी मात्र वाचणाऱ्याला सावध न करता चकवून जाते. क्रियापद आणि त्याच्या मागून येणारे छोटेसे अव्यय यांच्या अशा जोडीला इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ असे म्हणतात. मराठीत तिला ‘जोड-क्रियापद’ म्हणता येईल. प्रस्तुत प्रकरणात या जोड-क्रियापदांचा आणि त्यांच्या शेजारच्या वाक्प्रचारांचा विचार करावयाचा आहे.

नाव आणि पूर्वपीठिका

ही अडचण नवी नाही. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. परकीयांना इंग्रजीत सर्वांत जास्त त्रास क्रियापदांना मागून जोडल्या जाणाऱ्या या अव्ययांचा होतो, असे त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नमूद केले आहे. मात्र या रचनेला आजचे नाव मिळावयास त्यानंतर सुमारे एकशे सत्तर वर्षे लागली. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा वापरली. ती त्यांना ऑक्सफर्ड शब्दकोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवली होती.

प्राचीन इंग्रजीत अशी अव्यये बहुधा क्रियापदाच्या आधी जोडली जात. ‘अंडरस्टँड’, ‘विथस्टँड’, ‘ओव्हरटेक’ हे त्या घडणीचे शब्द होत. पुढे मध्ययुगात हा प्रघात मागे पडला आणि अव्यय क्रियापदाच्या नंतर, सुटे उभे राहू लागले. आज दोन्ही घडणी शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांचे अर्थ मात्र निराळे असतात. ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजरेखालून घालणे. ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून सुटणे किंवा कानाडोळा करणे. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे. ‘अपसेट’ म्हणजे उलथवणे. ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे. ‘ओव्हरटेक’ म्हणजे मागे टाकून पुढे जाणे.

संस्कृताचा परिचय असलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. ‘हृ’ या एकाच धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे एकमेकांशी नाते न सांगणारे शब्द तयार होतात. उपसर्ग धातूला ओढून दूर नेतो. इंग्रजीत तेच काम अव्यय करते, फक्त ते पुढून न ओढता मागून ढकलते.

किल्ली आपल्याच घरात

जोड-क्रियापदे समजून घेण्याची खरी किल्ली मात्र मराठीच्या संयुक्त क्रियापदांत आहे. ‘लिहिणे’ ही एक क्रिया घ्या. लिहून दे, लिहून घे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून टाक, लिहून पाहा. मुख्य क्रिया सर्वत्र एकच आहे, पण तिच्यामागे आलेले दुसरे क्रियापद दर वेळी नवी छटा आणते. ‘दे’ म्हटले की लाभ दुसऱ्याचा. ‘घे’ म्हटले की स्वतःचा. ‘ठेव’ म्हटले की पुढच्या उपयोगासाठी. ‘टाक’ म्हटले की काम एकदाचे उरकून मोकळे होण्यासाठी. ‘लिहून टाक’ यात कोणी काही फेकत नाही आणि ‘लिहून पाहा’ यात डोळ्यांचा संबंध नाही. तरीही मराठी मुलाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

चेन्नईच्या विद्यार्थ्याची तमिळही याच वाटेने जाते. ‘एळुदिक्कोडु’ म्हणजे लिहून दे; त्यातील ‘कोडु’ म्हणजे देणे. ‘एळुदिक्कोळ्’ म्हणजे लिहून घे. त्यातील ‘कोळ्’ म्हणजे घेणे. ‘शेय्दु पार्’ म्हणजे करून पाहा; त्यातील ‘पार्’ म्हणजे पाहणे. ‘वंदुविट्टान्’ म्हणजे तो येऊन पोहोचला, त्याचे येणे पुरे झाले. त्यातील ‘विडु’ याचा मूळ अर्थ सोडणे असा आहे. मराठी आर्यकुळातली आणि तमिळ द्रविडकुळातली. तरीही क्रियेची छटा सांगण्यासाठी दुसरे क्रियापद मदतीला घ्यावयाचे, ही रीत दोघींची एकच आहे.

इंग्रजीजवळ अशी मदतनीस क्रियापदे फारशी नाहीत. तिने ती जबाबदारी ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘ऑन’, ‘डाउन’ या दिशादर्शक अव्ययांवर सोपवली आहे. तेव्हा ‘ईट अप’ या जोडीत ‘वर’ कोठे आहे, असे विचारणे म्हणजे ‘खाऊन टाक’ यात ‘टाकणे’ कोठे आहे, असे विचारण्यासारखे होय. दिशा हा त्या अव्ययाचा जन्मजात अर्थ. जोडीतला अर्थ हा त्याने कमावलेला असतो.

पाच अव्ययांची ओळख

जोड-क्रियापदांच्या लांबलचक याद्या पाठ करण्याऐवजी अव्ययांचा कल ओळखावा, हे अधिक फलदायी ठरते.

‘अप’ : हे अव्यय पुष्कळदा पूर्णता दाखवते. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे, ‘ड्राय अप’ म्हणजे आटून जाणे. येथे एक गोष्ट ध्यानात येईल. क्रियापद सकर्मक असेल तेथे मराठी ‘टाकणे’ वापरते आणि अकर्मक असेल तेथे ‘जाणे’. इंग्रजीला दोन्हीकडे ‘अप’ पुरते. याशिवाय वाढ दाखवण्यासाठी (‘स्पीक अप’, मोठ्याने बोला) आणि समोर येणे दाखवण्यासाठीही (‘टर्न अप’, उगवणे, हजर होणे) हेच अव्यय येते.

‘आउट’ : लपलेले उघड होणे हा याचा एक कल. ‘फाइंड आउट’ म्हणजे शोधून काढणे, ‘वर्क आउट’ म्हणजे हिशेब करून उत्तर काढणे. मराठीतील ‘काढणे’ येथे अचूक बसते. याचा दुसरा कल नाहीसे होण्याकडे आहे. ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, ‘डाय आउट’ म्हणजे नामशेष होणे. हे दोन अर्थ परस्परविरोधी वाटतात, पण पाहणाऱ्याची जागा लक्षात घेतली की विरोध मावळतो. चांदण्या ‘कम आउट’ होतात तेव्हा त्या आपल्या दृष्टीच्या टप्प्यात येतात. दिवा ‘गोज आउट’ होतो तेव्हा उजेड त्या टप्प्यातून निघून जातो. एकीकडे येणे आहे आणि दुसरीकडे जाणे आहे. ‘बाहेर’ दोन्हीकडे आहे.

‘ऑफ’ : सुटणे, अलग होणे, ठिकाण सोडणे. ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे ठरलेले रद्द करणे, ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे. आता सुरुवातीच्या भोंग्याकडे वळू. भोंगा शांत असतो. त्याच्या आत अडवून ठेवलेली शक्ती असते. ती सुटते तेव्हा भोंगा ‘गोज ऑफ’ होतो, म्हणजे वाजतो. बंदूक आणि फटाकाही असेच ‘गो ऑफ’ होतात. दिवे ‘गो ऑफ’ होतात तेव्हा मात्र प्रवाहापासून त्यांचे नाते सुटते आणि ते मालवतात. दूध ‘गोज ऑफ’ होते तेव्हा ते चांगल्या स्थितीपासून सुटते, म्हणजे नासते. एकच जोडी भोंग्याला वाजवते, दिव्याला मालवते आणि दुधाला नासवते. म्हणून कर्ता कोण आहे हे पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये.

‘ऑन’ : चालू राहणे. ‘रीड ऑन’ म्हणजे वाचत राहणे, ‘कॅरी ऑन’ म्हणजे चालू ठेवणे. येथे मराठी ‘राहणे’ आणि ‘ठेवणे’ मदतीस येतात.

‘डाउन’ : खाली येणे, घटणे, थांबणे. ‘ब्रेक डाउन’ याला मराठीत ‘बंद पडणे’ हा किती जवळचा शब्द आहे! मोटार बंद पडते तेव्हा ती खाली पडत नाही. तरी मराठीलाही ‘पडणे’च सुचले. ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून ठेवणे. बोललेला शब्द हवेतून कागदावर उतरतो. मराठीही ‘उतरवून घेणे’ असेच म्हणते.

वाक्यातील जागा

अर्थ समजला तरी वापर शिल्लक राहतो. ‘पुट ऑफ’सारख्या जोडीत कर्म नाम असेल तर ते अव्ययाच्या आधी किंवा नंतर कोठेही येते. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध होत. कर्म सर्वनाम असेल तर मात्र ते मधेच यावयास हवे : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ हे चूक होय. याउलट ‘लुक आफ्टर’ (सांभाळणे) ही जोडी फुटत नाही. तेथे ‘लुक आफ्टर इट’ असेच म्हणावे लागते.

कोणती जोडी फुटते आणि कोणती फुटत नाही, हे ओळखण्यास कानाची मदत होते. फुटणाऱ्या जोडीत बोलताना अव्ययावर आघात येतो. ‘लुक आफ्टर’सारख्या न फुटणाऱ्या जोडीत तो बहुधा क्रियापदावर राहतो. मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषांत शब्दाघाताने अर्थ बदलत नाही. त्यामुळे हा भेद आपल्या कानाला चटकन जाणवत नाही. तो मुद्दाम ऐकावा लागतो.

मद्रासची इंग्रजी : पुस्तकातली आणि रस्त्यातली

चेन्नई, म्हणजे १९९६ पर्यंतचे मद्रास, हे इंग्रजीच्या भारतातील सर्वांत जुन्या ठाण्यांपैकी एक. येथील किनाऱ्यावरची जागा ईस्ट इंडिया कंपनीला १६३९ साली मिळाली आणि तेथे सेंट जॉर्ज किल्ला उभा राहिला. १८१२ साली फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज स्थापन झाले. इंग्रज अधिकाऱ्यांना दक्षिणेच्या भाषा शिकवणे हे त्याचे काम होते. पुढे प्रवाह उलटला. १८५७ साली मद्रास विद्यापीठाची स्थापना झाली आणि इंग्रजी ही पदवीची व नोकरीची भाषा बनली.

या शिक्षणाचा लाभ घेणाऱ्यांत तंजावरकडील मराठी घराण्यांतील मुलेही होती. १८२८ साली कुंभकोणम येथे जन्मलेले टी. माधवराव हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव. मद्रासला ई. बी. पॉवेल यांच्या हाताखाली ते शिकले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. १८८७ साली मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. घरी मराठी, भोवती तमिळ आणि कारभारात इंग्रजी, असे तीन भाषांचे जीवन जगणाऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी होत.

अशी इंग्रजी ग्रंथांतून येई आणि ग्रंथांची भाषा लॅटिन वळणाच्या भारदस्त क्रियापदांची होती. म्हणून आपल्याकडे शिकलेला मनुष्य आजही ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘एक्स्टिंग्विश’ सहज लिहितो. पण ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘पुट आउट’ ऐकले की थबकतो. इंग्रजांच्या मुलांची गोष्ट याच्या उलट आहे. ती घरी आधी ‘पुट आउट’ शिकतात आणि ‘एक्स्टिंग्विश’ पुढे शाळेत शिकतात. आपण भाषेचा वरचा मजला आधी बांधला आणि तळमजला राहून गेला.

हा तळमजला बांधण्याचे प्रयत्न मद्रासमध्येच झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्राथमिक इयत्तांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना पुन्हा शिकवण्याची मोठी मोहीम तेथे निघाली. तिला ‘मद्रास स्नोबॉल’, म्हणजे घरंगळत मोठा होत जाणारा बर्फाचा गोळा, असे नाव पडले. थोड्यांना शिकवावे, त्यांनी आणखी काहींना, आणि त्यांनी पुढच्यांना, अशी ती योजना होती. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखाच्या शीर्षकातच २७,००० शिक्षकांचा आकडा दिलेला आहे. वाक्यरचनांचे साचे क्रमाने पक्के करून घेणे, हा या पद्धतीचा गाभा होता.

या साच्यांच्या मर्यादा पुढे दिसू लागल्या. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत निराळा प्रयोग केला. मुलांपुढे नियम न ठेवता नकाशा, वेळापत्रक अशा वस्तूंवरची कोडी ठेवावयाची; अर्थ लावण्याच्या धडपडीत भाषा आपोआप अंगी मुरते, असा त्यामागचा विचार होता. त्यांचे ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’ हे पुस्तक १९८७ साली निघाले. जोड-क्रियापदांपुरते बोलावयाचे तर दोन्ही वाटा लागतात. ‘पुट इट ऑफ’ हा साचा घोटूनच जिभेवर बसतो. ‘गो ऑफ’चा अर्थ मात्र प्रसंगातूनच उमगतो.

देशी वळणे

भारतीय कचेऱ्यांनी काही जोड-क्रियापदांना स्वतःचे अर्थ दिले आहेत. फाइल साहेबांपुढे ‘पुट अप’ केली जाते. हा अर्थ सरकारी व्यवहारात रूढ आणि उपयुक्त आहे. ‘पुटिंग अप’ म्हणजे मुक्काम असणे, हा अर्थही आपल्याकडे सर्रास चालतो. मात्र ‘मी मामांकडे उतरलो आहे’ असे सांगताना कोणी ‘आय अॅम पुटिंग अप विथ माय अंकल’ म्हणाला, तर ब्रिटिश श्रोता ‘मी मामांना कसेबसे सहन करतो आहे’ असे समजेल. ‘विथ’ या एका अव्ययाने पाहुणा कृतघ्न ठरतो!

‘पास आउट’ या जोडीत गंमत कमी आणि जोखीम अधिक आहे. आपल्याकडे विद्यार्थी महाविद्यालयातून ‘पास आउट’ होतो. सैनिकी शिक्षणापुरता हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीतही आहे. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतील दीक्षान्त संचलनाला ‘पासिंग आउट परेड’ म्हणतात ते यामुळेच. पण एरवी ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे. तमिळनाडू आणि केरळ येथून अनेक परिचारिका परदेशी रुग्णालयांत कामाला जातात. तेथील रुग्ण लॅटिन वळणाचे शब्द बोलत नाही. आपण ‘पास्ड आउट’ झालो, आपल्याला ‘थ्रो अप’ झाले, दुखणे ‘वेअर ऑफ’ झाले, असे तो सांगतो. म्हणजे शुद्ध हरपली, उलटी झाली, दुखणे हळूहळू ओसरले. रुग्णाचा नातेवाईक ‘पास्ड अवे’ म्हणाला तर मृत्यू झाला, आणि ‘केम राउंड’ म्हणाला तर शुद्ध परत आली. औषधांची नावे बिनचूक जाणणाऱ्या परिचारिकेचीही परीक्षा येथे होते, कारण हे शब्द पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतात.

देशी अर्थ चूक आणि विलायती अर्थ बरोबर, असा निवाडा करण्याचे कारण नाही. ज्या समाजात अर्थ रूढ झाला त्या समाजात तो खराच असतो. ऐकणारा कोण आहे हे ओळखून शब्द निवडावा, एवढेच पथ्य आहे.

वाक्प्रचार : व्यवसायांच्या खुणा

जोड-क्रियापदात अव्ययाचा कल तरी हाताशी असतो. वाक्प्रचारात तोही आधार पुष्कळदा नसतो. ‘कानाडोळा करणे’ याचा अर्थ कान आणि डोळा यांची बेरीज करून निघत नाही. मात्र वाक्प्रचार ज्या व्यवसायात जन्मला तो ठाऊक झाला, तर अर्थ स्मरणात राहतो.

इंग्रज मद्रासला आले ते समुद्रातून. तेथे बंदर नव्हते. जहाजे दूर उभी राहत आणि फेसाळत्या लाटांतून मसुला नावाच्या शिवलेल्या होड्या माणसे व माल किनाऱ्यावर आणीत. अशा दर्यावर्दी लोकांच्या भाषेत समुद्र मुरला नसता तरच नवल. वारा समोरून येऊन शीड डोलकाठीवर दाबले गेले म्हणजे जहाज अडखळे. त्यावरून ‘टेकन अबॅक’, म्हणजे अवाक् होणे. वारा नसताना भरतीच्या ओघाबरोबर जहाज पुढे नेणे म्हणजे ‘टाइड ओव्हर’. त्यावरून अडचणीचा काळ निभावून नेणे. देवाणघेवाण एकतर्फी मात्र नव्हती. कोळ्यांच्या ओंडक्यांच्या तराफ्याला तमिळमध्ये ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेले लाकूड, म्हणतात. तोच शब्द इंग्रजीत ‘कॅटमरन’ झाला. अशा शब्दांचा प्रसिद्ध कोश ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६ साली निघाला. त्याचे एक कर्ते ए. सी. बर्नेल हे मद्रास इलाख्याच्या मुलकी सेवेतील अधिकारी होते आणि तंजावरच्या राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूचीही त्यांनी केली होती.

क्रिकेटनेही इंग्रजीला वाक्प्रचार दिले. भारताने आपला पहिला कसोटी विजय १९५२ साली चेपॉकच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध मिळवला. त्या शहरातील वाचकाला ‘ऑन अ स्टिकी विकेट’ याचा अर्थ सांगावा लागू नये. ओल्या, सुकत चाललेल्या खेळपट्टीवर फलंदाजाची जी अवस्था होते, ती पेचात सापडलेल्या कोणाचीही होते.

वाक्प्रचार वापरताना दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, त्यातील शब्द बदलू नयेत. मराठीत ‘नाकी नऊ येणे’ याऐवजी ‘नाकी दहा’ चालत नाही, तसेच इंग्रजीतही. दुसरी, मराठी वाक्प्रचाराचे शब्दशः इंग्रजी करू नये. अर्थ सोडून द्यावा लागला तरी चालेल, पण साध्या वाक्यात सांगावा.

अभ्यासाची रीत

ए. एस. हॉर्नबी यांचा परकीय विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश प्रथम १९४२ साली जपानात निघाला. जोड-क्रियापदांचा स्वतंत्र कोश काउवी आणि मॅकिन यांनी १९७५ साली सिद्ध केला. असा एखादा कोश जवळ असावा. पण तो पाठ करण्यासाठी नव्हे. वाचताना ओळखीचे क्रियापद आणि छोटे अव्यय शेजारी दिसले की थांबावे. कर्ता कोण, कर्म काय, अव्ययाचा कल कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत. मराठीत ‘टाकणे, जाणे, काढणे, ठेवणे, राहणे, पडणे’ यांपैकी कोणते क्रियापद येथे बसेल, ते पाहावे. त्यानंतर कोश उघडावा आणि संपूर्ण वाक्य वहीत उतरवून घ्यावे; नुसती जोडी लिहू नये.

स्वाध्याय

१. पुढील जोड-क्रियापदांना मराठी संयुक्त क्रियापदे शोधा : ‘बर्न डाउन’, ‘ड्रिंक अप’, ‘कीप ऑन’, ‘क्रॉस आउट’.

२. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ आणि ‘द अलार्म वेंट ऑफ’ या दोन वाक्यांचे मराठी करा. अर्थ का बदलला ते सांगा.

३. ‘शी टर्न्ड डाउन द ऑफर’ या वाक्यातील कर्माच्या जागी ‘इट’ घालून वाक्य पुन्हा लिहा.

४. ‘ही पास्ड आउट इन टू थाउजंड टेन’ आणि ‘ही पास्ड आउट इन द बस’ ही वाक्ये चेन्नईचा विद्यार्थी आणि लंडनचा डॉक्टर कशी समजतील, ते लिहा.

५. आपल्या कामाच्या ठिकाणी लावलेल्या इंग्रजी सूचना वाचा. त्यांत जोड-क्रियापदे असल्यास ती सहकाऱ्यांना समजतात का, ते विचारून पाहा आणि समजत नसल्यास त्या सूचना मातृभाषेत लिहून द्या.